ब्रेस्टस्ट्रोकचे स्पर्धक होताना: पहिल्या काही वर्षांत काय करावं

पोहण्याच्या चार शैलींमध्ये ब्रेस्टस्ट्रोक सर्वांत संथ. प्रत्येक किकच्या आधी टाचा नितंबांकडे ओढून घ्याव्या लागतात, त्या वेळी मांड्या पाण्याला आडव्या येतात आणि वेग झपाट्याने उतरतो. मग किक, पुन्हा वेग, पुन्हा उतार. शर्यतभर हेच चालतं. म्हणूनच या शैलीत नुसतं जोरात पाणी मारून भागत नाही. दोन किकच्या मधल्या काळात ज्याचा वेग कमीत कमी पडतो, तो पुढे निघतो. नव्या स्पर्धकाने सुरुवातीची तीन-चार वर्षं वेग राखायला शिकण्यात घालवावीत. ताकद वयाबरोबर येतेच. चुकीची किक एकदा अंगवळणी पडली की ती मोडायला मात्र फार कष्ट पडतात.

ज्यांना पोहता येतं, पण शर्यतीतला ब्रेस्टस्ट्रोक अजून नीट सुरू झालेला नाही, अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे लिहितो आहे.

१. लवकर शिक्का मारून घेऊ नका

क्लबमध्ये एखादं मूल ब्रेस्टस्ट्रोकला बाकीच्यांच्या पुढे निघालं की सगळे त्याला त्याच शैलीचं समजू लागतात. दहाव्या-अकराव्या वर्षी हे ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. फ्रीस्टाइलने दम तयार होतो, बटरफ्लायने छातीपासून पायापर्यंत जाणारी लाट कळते, बॅकस्ट्रोकने खांद्यांचा समतोल राहतो आणि गुडघ्यांना सुट्टी मिळते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये लेओं मार्शां याने एकाच संध्याकाळी २०० मीटर बटरफ्लाय आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. २०० आणि ४०० मीटर मेडले, म्हणजे एकाच शर्यतीत चारही शैली पोहण्याच्या शर्यती, त्याही त्यानेच जिंकल्या. महिलांच्या २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमधली विजेती केट डग्लस हीसुद्धा मेडलेतली अव्वल जलतरणपटू. चारही शैली येत असल्याने यांचं काही बिघडलं नाही, उलट फायदाच झाला.

मग ही शैली आपली आहे हे ओळखायचं कसं? आधी पायांकडे बघा. टाचा जमिनीला टेकलेल्या ठेवून पूर्ण उकिडवं बसता येत असेल तर घोटा पुरेसा वाकतो. पाण्यात पाठीवर पडून हळू किक मारा. तळपायाच्या आणि पोटरीच्या आतल्या बाजूला पाण्याचा दाब जाणवला तर पाय पाणी पकडतो आहे. फ्रीस्टाइलची किक मारताना जागच्या जागी राहणारी मुलं अनेकदा ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सुसाट जातात, कारण त्यांचा घोटा सरळ ताणला जाण्याऐवजी बाहेर वळायला जास्त तयार असतो. ॲडम पीटी लहानपणी पाण्याला घाबरायचा. पुढे प्रशिक्षक मेल मार्शल यांच्याकडे आला तेव्हा त्याच्या फ्रीस्टाइलने त्यांचं फारसं लक्ष वेधलं नव्हतं. ब्रेस्टस्ट्रोक पाहिल्यावर त्यांना त्याची कुवत दिसली. हाच मुलगा पुढे १०० मीटर ५८ सेकंदांच्या आणि नंतर ५७ सेकंदांच्या आत पोहणारा जगातला पहिला पुरुष ठरला.

२. किक: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

हाताचं काम नंतर सुधारता येतं. किक आधी.

तिचे टप्पे सावकाश समजून घ्या. पाय सरळ, एकमेकांना चिकटलेले, पायाची बोटं मागे ताणलेली, ही सुरुवात. आता टाचा नितंबांकडे आणायच्या. गुडघे पोटाखाली ओढायचे नाहीत, हे सर्वांत महत्त्वाचं. मांडी जितकी पुढे येईल तितकं पाणी ती अडवणार. गुडघे साधारण नितंबांच्या रुंदीइतके, फार तर खांद्यांइतके दूर. टाचा वर आल्या की घोटे वाकवून तळपाय बाहेर वळवायचे. या क्षणी पायाचे पंजे गुडघ्यांपेक्षा बाहेर असतात. इथून पाणी मागे ढकलत पाय गोलाकार आत आणायचे आणि शेवटी तळपाय जवळजवळ टाळी वाजवल्यासारखे जुळवून बोटं ताणायची. टाचा वर आणताना सैल आणि गुपचूप, मागे ढकलताना जोरात. नवखी मुलं बहुधा याच्या नेमकं उलट करतात: पाय वर आणताना घाई, आणि किकचा शेवट अर्धवट सोडून पुढच्या स्ट्रोकची सुरुवात. पाय जुळेपर्यंत किक संपलेली नसते.

तीन सराव रोज थोडे थोडे करा. पहिला, पाठीवर पडून किक, हात डोक्यामागे ताणलेले. गुडघे पाण्याबाहेर आले तर मांड्या जास्त वाकत आहेत. दुसरा, पोटावर पडून, हात मागे नितंबांजवळ. प्रत्येक किकच्या आधी टाच हाताच्या बोटांना लागली पाहिजे. तिसरा, दोन किक आणि एक हात. दुसऱ्या किकनंतर अंग ताणून मनात दोन मोजेपर्यंत तसंच राहायचं. बोर्ड धरून किक मारण्याचा सराव क्लबमध्ये सर्रास होतो, पण बोर्डामुळे डोकं वर राहतं आणि कंबर खाली जाते. थोडा करा, त्यावरच सगळी भिस्त ठेवू नका.

किकची पारख करायला घड्याळ लागत नाही. पूलच्या कडेला बसून दुसऱ्या मुलाचे पाय पाण्याखाली पाहा, किंवा प्रशिक्षकांच्या परवानगीने मागून व्हिडिओ घ्या. दोन्ही तळपाय सारखे वळतात का, एवढंच पाहायचं. एक पाय वळतो आणि दुसरा सरळ राहून कात्रीसारखा जातो, हा दोष फार आढळतो. त्यातला वाईट भाग असा की वेग कमी होतोच, शिवाय स्पर्धेत पंच बाद करतात.

३. हात, श्वास आणि वेळ साधणं

हात ताणलेल्या अवस्थेतून बाहेर जातात, पाणी पकडतात, कोपर उंच ठेवून आत येतात आणि लगेच पुढे सुटतात. कोपर बरगड्यांच्या मागे जाऊ द्यायचं नाही. हात छातीखाली येऊन थांबणं हा सर्वांत महागात पडणारा दोष. हात तिथे रेंगाळले की छाती, हात आणि मांड्या तिन्ही मिळून पाणी अडवतात. आत येणाऱ्या हातांचा जोर न तोडता ते तसेच पुढे फेकायचे.

श्वासासाठी डोकं मुद्दाम उचलू नये. हात आत येताना खांदे आपोआप वर येतात, त्यांच्याबरोबर डोकं येतं. हनुवटी वर करून समोरच्या भिंतीकडे पाहिलं की कंबर बुडते. नजर पुढच्या पाण्यावर, तिरकी.

आता क्रम: हात, श्वास, हात पुढे, किक, मग लांबी. हात आत येत असताना टाचा वर यायला लागतात, हात जवळजवळ पूर्ण पुढे गेल्यावर किक पाणी ढकलते. किक लवकर झाली तर तिचा जोर आडव्या आलेल्या हातांवर वाया जातो. हे जमलं की तुम्हाला स्वतःलाच कळतं, कारण किकनंतर अंग पाण्यातून लांबवर सरकत राहतं.

प्रत्येकाची लय एकच नसते. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये माइक बॅरोमन याने २०० मीटर २:१०.१६ अशा विश्वविक्रमी वेळेत जिंकली ती अंग लाटेसारखं वर उचलून पुढे झेपावण्याच्या पद्धतीने. कोसुके कितजिमाने २००४ आणि २००८ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये १०० आणि २०० मीटर जिंकल्या, त्याचं वैशिष्ट्य लांब, सपाट सरक. पीटीचा स्ट्रोक आखूड आणि जलद. व्हिडिओ पाहून यांची नक्कल करण्याचा मोह होतो, पण पीटीची लय त्याच्या खांद्यांच्या ताकदीवर उभी आहे. बारा वर्षांच्या मुलाने ती उचलली की त्याचे हात नुसते फिरतात. सुरुवातीला लांब सरक शिका. लय नंतर वाढवता येते.

४. नियम पाठ नकोत, अंगात हवेत

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये नवखे जितके बाद होतात तितके क्वचितच दुसऱ्या शैलीत होत असतील. जलतरणाची जागतिक संघटना असलेल्या वर्ल्ड ॲक्वाटिक्सच्या नियमांचा गाभा असा: हात-पायांच्या हालचाली दोन्ही बाजूंना एकाच वेळी आणि एकाच पातळीत. क्रम एक हात, एक किक. प्रत्येक आवर्तनात डोक्याचा काही भाग पाण्याबाहेर यायला हवा. किकच्या जोराच्या भागात तळपाय बाहेर वळलेले. हात नितंबांच्या रेषेमागे न्यायचे नाहीत, अपवाद फक्त स्टार्ट आणि टर्ननंतरच्या पहिल्या स्ट्रोकचा. टर्नला आणि शेवटी दोन्ही हातांनी एकाच वेळी स्पर्श, आणि हात एकमेकांवर ठेवलेले चालत नाहीत, वेगळे हवेत.

दोन्ही हातांच्या स्पर्शाची सवय सरावातच लागते. सरावात थकल्यावर एका हाताने भिंत पकडणारं मूल स्पर्धेतही तेच करतं. प्रशिक्षकांना सांगा, सरावातही चुकीचा स्पर्श मोजू नका.

स्टार्ट आणि टर्ननंतर पाण्याखाली जे करतो त्याला पुलआउट म्हणतात, आणि इथे भरपूर वेळ वाचतो. भिंत सोडल्यावर अंग ताणून सरकायचं. मग हात एकदा पार मांड्यांपर्यंत नेता येतात. पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकच्या आधी एकच डॉल्फिन किक, म्हणजे बटरफ्लायसारखी दोन्ही पाय जुळवून मारलेली किक, चालते. नंतर हात अंगाला घासून पुढे आणायचे, एक किक, आणि दुसऱ्या स्ट्रोकमध्ये हात सर्वांत रुंद जागेवरून आत वळायच्या आधी डोकं वर. बाकीच्या तीन शैलींना असलेली १५ मीटरची मर्यादा ब्रेस्टस्ट्रोकला नाही. इथे मर्यादा हालचालींची आहे. म्हणून सरकण्याचा काळ तुम्ही ठरवायचा. वेग पोहण्याच्या वेगाइतका उतरायच्या आत पुढची हालचाल, हे सूत्र. नवखी मुलं एक तर दम लागून लगेच वर येतात, नाहीतर वेग पूर्ण मरेपर्यंत खाली राहतात.

हे नियम कसे घडले ते माहीत असलं की लक्षात राहतात. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मासारू फुरुकावा शर्यतीचा बराच भाग पाण्याखालून पोहून २०० मीटर जिंकला, त्यानंतर पाण्याखालच्या पोहण्यावर बंधन आलं. २००४ च्या अथेन्समध्ये कितजिमाच्या पुलआउटमधल्या डॉल्फिन किकवरून वाद पेटला आणि पुढच्या वर्षी एका किकला अधिकृत परवानगी मिळाली.

५. आठवडा कसा आखावा

सुरुवातीला आठवड्यातून तीन-चार सत्रं पुरतात. दोनेक वर्षांत पाचापर्यंत जाता येईल, शाळा आणि झोप सांभाळून. एकूण पोहण्यातला अर्ध्यापेक्षा जास्त भाग ब्रेस्टस्ट्रोकचा असू नये, निदान चौदा-पंधरा वर्षांपर्यंत. याचं कारण गुडघा. तळपाय बाहेर वळवून मारलेल्या किकचा ताण गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर पडतो, आणि तिथलं दुखणं ब्रेस्टस्ट्रोकच्या जलतरणपटूंमध्ये इतकं नेहमीचं आहे की त्याला याच शैलीच्या नावाने ओळखतात. जांघेतले स्नायूही ताणले जातात.

थंड अंगाने जोरात किक मारू नका, आधी फ्रीस्टाइलने अंग गरम होऊ द्या. सुट्टीनंतर परत आलात तर किकचं अंतर हळूहळू वाढवा. गुडघ्याच्या आत दुखायला लागलं की त्या दिवशी किक बंद. हात ब्रेस्टस्ट्रोकचे आणि पाय डॉल्फिनचे असा सराव चालू ठेवता येतो. दोन-चार दिवसांत दुखणं गेलं नाही तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. दुखण्यावर मात करून पोहणाऱ्या मुलाचं कौतुक कृपया कोणी करू नये.

पूलबाहेर वजनांची घाई नको. स्क्वॉट, प्लँक, दोन गुडघ्यांमध्ये चेंडू दाबून धरणं, नितंबांच्या सांध्याचं आत-बाहेर वळणं, घोट्याचा ताण, एवढं नियमित केलं तरी पुष्कळ. व्यायाम शिकवणाऱ्याची नजर असू द्या.

प्रगती मोजायला एक सोपा खेळ आहे. ५० मीटर पोहा, स्ट्रोक मोजा, सेकंद मोजा, दोन्हींची बेरीज करा. पुढच्या खेपेला बेरीज कमी करायची, मग ती एखादा स्ट्रोक वाचवून असो वा एखादा सेकंद. फक्त वेळेच्या मागे लागलेलं मूल हात फिरवत सुटतं, फक्त स्ट्रोक मोजणारं मूल मध्येच थांबून जातं. बेरजेमुळे दोन्हींना आळा बसतो. आकडे वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.

६. पहिली स्पर्धा

पहिल्या स्पर्धेत ५० आणि १०० मीटरमध्ये नाव द्या. पूल २५ मीटरचा आहे की ५० मीटरचा, हे आधी विचारा. छोट्या पूलमध्ये टर्न जास्त, म्हणजे भिंतीला ढकलून मिळणारा वेग जास्त, म्हणून वेळ कमी येते. दोन पूलमधल्या वेळांची सरळ तुलना करू नका.

शर्यतीच्या आधी पाण्यात अंग गरम करा आणि त्यात दोन-तीन पुलआउट पूर्ण वेगाने करून पाहा. त्या पूलच्या ब्लॉकवरून एकदा उडी मारा, कारण ब्लॉकची उंची आणि पकड प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. भिंतीवर हात ठेवून टर्न करून बघा. मग कोरडे व्हा, अंगावर उबदार कपडे घाला आणि पाय गार पडू देऊ नका.

१०० मीटरमध्ये पहिले ५० मीटर बेभान जाणं ही नवख्यांची ठरलेली चूक. उडीमुळे पहिला अर्धा भाग तसाही जलद असतो. जागतिक पातळीवरही दुसरे ५० मीटर पहिल्यापेक्षा साधारण तीन ते साडेचार सेकंद सावकाश असतात. तुमचा फरक सात-आठ सेकंद येत असेल तर सुरुवात जास्त जोरात झाली. म्हणून शेवटची वेळ पाहण्याआधी दोन्ही अर्ध्यांच्या वेळा घ्या.

शेवटचे पाच मीटर वेगळे सराव करून ठेवा. भिंत अर्ध्या स्ट्रोकवर आली तर काय करायचं, हे आधी ठरलेलं हवं. शेवटच्या स्पर्शाआधी नुसता हाताचा स्ट्रोक, किकशिवाय, चालतो. सरकत भिंतीची वाट पाहण्यापेक्षा तो अनेकदा बरा. पॅरिसमध्ये पुरुषांची १०० मीटर निकोलो मार्तिनेंगी ५९.०३ सेकंदांत जिंकला. पीटी आणि निक फिंक दोघांची वेळ ५९.०५. एवढ्या फरकावर ऑलिंपिकचं सुवर्ण गेलं.

बाद झालात तर कारण नीट ऐकून घ्या, ते वहीत लिहा आणि पुढच्या सत्रात नेमक्या त्याच गोष्टीवर काम करा. पालकांनी गॅलरीतून पंचांशी वाद घालू नये, प्रशिक्षक विचारतील. बाद झालेलं मूल आधीच रडवेलं असतं, त्याला त्या वेळी पाणी, टॉवेल आणि शांत माणूस लागतो.

पोशाखावर फार खर्च करू नका. २००८-०९ मध्ये पॉलियुरेथेनच्या पोशाखांमुळे विक्रमांचा पाऊस पडला आणि २०१० पासून त्यांच्यावर बंदी आली. आताचे महाग शर्यतीचे पोशाख लहान वयात गरजेचे नाहीत. घट्ट बसणारा साधा पोशाख आणि न गळणारा गॉगल, तोही एक जादा.

७. वेळ अडकते तेव्हा

मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास उंची भराभर वाढते. हातपाय लांबतात, तोल बदलतो, काल जमणारी किक आज जमत नाही. वेळ सहा-आठ महिने जागची हलत नाही, कधी मागेही जाते. यात कोणाचा दोष नाही. अशा वेळी किकच्या मूळ सरावांकडे परत या. स्पर्धा कमी करा, सराव बंद करू नका. मुलींच्या बाबतीत पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून सोडू नका. बहुधा खाणं व्यायामाला पुरत नसतं, आणि त्याचा परिणाम हाडांवर होतो. डॉक्टरांना भेटा.

किती वयात काय व्हायला हवं, याचं वेळापत्रक नाही. रूटा मेलुटीटे २०१२ च्या लंडनमध्ये १५ व्या वर्षी १०० मीटरची ऑलिंपिक विजेती झाली. लिडिया जेकबी टोकियोत १७ व्या वर्षी. पीटीला मोठं आंतरराष्ट्रीय सुवर्ण मिळालं ते २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. मेलुटीटेने २०१९ मध्ये पोहणं सोडलं, पुन्हा आली आणि २०२३ मध्ये ५० मीटरचा विश्वविक्रम २९.१६ वर नेला. बाराव्या वर्षी राज्यात पहिलं येणारं मूल आणि विसाव्या वर्षी पहिलं येणारं मूल एकच असेल असं नाही, म्हणून बाराव्या वर्षीच्या निकालावर शाळा-अभ्यासाचे मोठे निर्णय घेऊ नका.

८. औषधं आणि पूरक पावडरी

वयाने लहान असलेल्या स्पर्धकाचीही उत्तेजक चाचणी होऊ शकते. सर्दी-खोकल्याच्या साध्या औषधातही बंदी असलेला घटक असू शकतो. घेण्याआधी यादी तपासा आणि डॉक्टरांना आपण स्पर्धक आहोत हे सांगा. क्लोरीनमुळे अनेक जलतरणपटूंना दम्याचा त्रास होतो. इनहेलरमधलं सॅल्ब्युटॅमॉल ठरावीक मर्यादेपर्यंत चालतं, बाकी काही औषधांना आधी परवानगी घ्यावी लागते. स्नायू वाढवणाऱ्या पावडरी या वयात घेऊच नयेत.

९. ५०, १०० की २००?

२०० मीटरला मुलं घाबरतात, म्हणून ती लवकर सुरू करावी. त्यात लांब सरक, सम वेग आणि धीर असल्याशिवाय निभाव लागत नाही, आणि नेमक्या याच गोष्टी लहानपणी शिकायच्या आहेत. ५० मीटरमध्ये शरीरयष्टीचा भाग मोठा असतो. लवकर वाढलेली मुलं तिथे जिंकतात आणि तंत्रातले दोष झाकले जातात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक पहिल्यांदा असणार आहे, त्यामुळे तिचं आकर्षण वाढणार हे उघड आहे. तरी छिन हाययांग याने २०२३ च्या फुकुओका जागतिक स्पर्धेत ५०, १०० आणि २०० तिन्ही जिंकल्या, २०० तर २:०५.४८ अशा विश्वविक्रमासह. तिन्ही अंतरं एकाच अंगाला पेलतात.

दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक मोसमात निदान एकदा २०० मध्ये नाव घाला. चारही ५० मीटरच्या वेळा आणि स्ट्रोकची संख्या कोणाला तरी लिहून घ्यायला सांगा. तिसऱ्या ५० मीटरमध्ये स्ट्रोक अचानक वाढले असतील तर किक अर्धवट राहते आहे; पुढच्या महिन्याचा सराव तिथूनच आखा.